डिफरन्शियलचं ऑइल बदलायचे पैसे नक्की कशाचे घ्यायचे?

गॅरेज टाकायचं म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या डोक्यात बहुतेक वेळा तीनच गोष्टी असतात. सिरॅमिक कोटिंग, कार वॉश आणि 'मल्टीब्रँड सर्व्हिस सेंटर' असा दहा फुटी बोर्ड. मी त्यांना एक काम देतो. तुमच्या तालुक्यात फोर बाय फोर गाड्या किती आहेत ते मोजून या. थार, जिप्सी, गुरखा, फॉर्च्युनर, जुनी महिंद्रा जीप, सगळ्या मोजा. मोजून आले की दुसरा प्रश्न विचारतो. यातल्या किती गाड्यांच्या डिफरन्शियलचं आणि ट्रान्स्फर केसचं ऑइल गेल्या तीन वर्षांत बदललं गेलंय? इथे सगळे गप्प होतात. त्यांची चूक नाही, गाडीच्या मालकालाच ते माहीत नसतं.

दोन माणसांच्या गॅरेजला सुरुवात करायची असेल तर हे एक काम धरा, असं माझं मत आहे. मशीन फार लागत नाही, लोन लागत नाही, आणि गावात हे नीट करणारा सहसा दुसरा कोणी नसतो. पण माझी एक अट आहे, आणि ती ऐकली की निम्मी मुलं नाराज होतात. हे काम भीती घालून विकायचं नाही. का, ते पुढे हिशेबासकट सांगतो.

आधी हे काम काय आहे ते थोडक्यात. मी स्वतः मेकॅनिक नाही, मी हिशेब शिकवतो. पण आपल्या बॅचमधल्या मुलांच्या गॅरेजमध्ये स्टुलावर बसून मी हे काम बऱ्याच वेळा पाहिलंय, आणि हात काळे करूनही घेतलेत. साध्या गाडीत इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल, एवढंच लोकांना माहीत असतं. फोर बाय फोरमध्ये त्याच्यापुढे आणखी तीन डबे असतात. मागच्या ॲक्सलवरचं डिफरन्शियल, पुढचं डिफरन्शियल, आणि गिअरबॉक्सकडून आलेली ताकद पुढे-मागे वाटून देणारी ट्रान्स्फर केस. तिन्हींमध्ये स्वतःचं वेगळं ऑइल असतं. डिफरन्शियलच्या आत क्राऊन आणि पिनियन एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घासत सरकतात, आणि गाडीचा सगळा भार त्या दातांवर येतो. म्हणून तिथलं ऑइल वेगळ्या जातीचं लागतं.

आता धंद्याच्या दृष्टीनं महत्त्वाचं बघा. इंजिन ऑइलला डिपस्टिक आहे, डॅशबोर्डवर दिवा आहे. डिफरन्शियलला डिपस्टिकही नाही आणि दिवाही नाही. ऑइल कमी झालं, पाणी शिरलं, तरी गाडी चालतच राहते. मग एके दिवशी मागून घूंऽऽ असा आवाज यायला लागतो. आवाज आला म्हणजे बेअरिंग किंवा दात खराब व्हायला सुरुवात झालेली असते, आणि तेव्हा ऑइल बदलून फारसा उपयोग होत नाही. त्यामुळे ज्या कामाची गरज गिऱ्हाइकाला जाणवतच नाही, ते काम तुम्हाला विकायचं आहे. अवघड आहे, मान्य. म्हणूनच गर्दी नाही.

बरं, गिऱ्हाईक लगेच म्हणतं, "अहो, मी फोर बाय फोर कधी टाकतच नाही, मग तिथलं ऑइल कशाला बदलू?" याचं उत्तर तुमच्या मुलाला तोंडपाठ पाहिजे. लिव्हर टू-व्हीलमध्ये असली तरी साधारणपणे मागच्या चाकांची ताकद ट्रान्स्फर केसमधूनच जाते. म्हणजे मालक दूध आणायला गेला तरी ती केस काम करते. मागचं डिफरन्शियल तर प्रत्येक किलोमीटरला काम करतं. पुढच्याला कमी श्रम पडतात हे खरं, आणि ते खरं असल्याचं गिऱ्हाइकाला सांगून टाकायचं. तिथे खोटं बोलायची गरज नाही.

आता एक प्रसंग सांगतो. कऱ्हाडजवळ आपल्याच बॅचमधल्या एका मुलाचं गॅरेज आहे. शुक्रवारी संध्याकाळी त्याच्याकडे एक फोर बाय फोर आली. मालक शनिवारी पहाटे घरच्यांना घेऊन कोकणात निघणार होता. मुलानं गाडी पिटवर घेतली, खालचा ड्रेन बोल्ट उघडला, ऑइल ट्रेमध्ये आलं. मग तो वरचा फिलर बोल्ट उघडायला गेला. बोल्ट गंजलेला, पाना सटकला आणि बोल्टचं डोकं गोल झालं. आता बघा, जुनं ऑइल बाहेर आणि नवं भरायला वाट नाही. गाडी पिटवरून हलवता येत नाही. रात्री अकरापर्यंत त्यानं हातोडा, छिन्नी, पाइप पाना सगळं करून पाहिलं. शेवटी शनिवारी दुपारी वेल्डर बोलावून त्या बोल्टवर दुसरा नट वेल्ड केला, तेव्हा तो फिरला. नवीन बोल्ट सोमवारी मिळाला. मालकाची ट्रिप बुडाली. मुलानं मजुरी घेतली नाही, वर त्या कुटुंबासाठी भाड्याच्या गाडीचे पैसे स्वतःच्या खिशातून दिले. पिट तीन दिवस अडकली ती वेगळीच. तो मालक काही भांडला नाही, पण परत आलाही नाही.

मुलगा मला म्हणाला, "सर, ऑइल बदलायला काय अक्कल लागते असं वाटलं होतं."

जुन्या मिस्त्रींना हे पाठ असतं. भरायचा बोल्ट आधी उघडायचा, सुटतोय याची खात्री करायची, मगच खालचा काढायचा. वरचा सुटला नाही तर ऑइल आतच आहे, गाडी चालती आहे, गिऱ्हाइकाला सांगायचं की आज होणार नाही, सोमवारी या, गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवतो. त्यात फार तर पाच मिनिटं जातात. मी बॅचमध्ये हा प्रसंग दर वेळी सांगतो, कारण धंद्यात टोकन घेण्यापूर्वी माल मिळतोय का ते बघणं आणि खालच्या बोल्टाआधी वरचा उघडणं यात मला काही फरक दिसत नाही. असो.

याच मुलाकडून मी बाकीच्या खाचाखोचा शिकलो, कारण त्या शनिवारनंतर तो फार बारकाईनं काम करायला लागला. गाडी आधी पाच-सात किलोमीटर फिरवून आणतो, म्हणजे ऑइल गरम होऊन पातळ होतं आणि सोबत तळाचा गाळ घेऊन येतं. बोल्ट उघडायच्या आधी आजूबाजूची माती तारेच्या ब्रशनं आणि कापडानं साफ करतो, नाहीतर तीच माती आत जाते. योग्य मापाची गोटी वापरतो. काही गाड्यांना बाहेरून षटकोनी बोल्ट, काहींना आतून ॲलन की, काहींना चौकोनी खाच. ॲडजस्टेबल पान्यानं काम चालवायला गेलात की बोल्ट गोल झालाच समजा. वॉशर दर वेळी नवा टाकतो. दहा-वीस रुपयांचा वॉशर वाचवून नंतर गळतीची तक्रार घ्यायची नसते. आणि गाडी सपाट जागी उभी असताना, फिलरच्या भोकाच्या काठापर्यंत ऑइल येऊन थेंब थेंब बाहेर यायला लागलं की थांबतो. पुस्तकात वेगळं माप दिलं असेल तर ते. "थोडं जास्त टाका, चांगलं असतं" असं गिऱ्हाईक सांगतं, पण जास्त भरलं तर ऑइलला फेस येतो, सीलवर दाब येतो आणि ते बाहेर गळतं. ॲक्सलच्या टोकाचं सील गेलं तर ऑइल थेट ब्रेकवर. हे काही 'चांगलं' नाही.

ऑइल कुठलं, हा भाग मात्र घाईत वाचू नका, कारण सगळ्यात महाग चूक इथे होते. डिफरन्शियलच्या पुस्तकात बहुतेक वेळा जीएल-५ दर्जाचं ऑइल लिहिलेलं असतं, ७५डब्ल्यू-९० किंवा ८०डब्ल्यू-९० अशा ग्रेडचं. मॅन्युअल गिअरबॉक्सला बऱ्याचदा जीएल-४ चालतं. नंबर मोठा म्हणजे माल भारी असं समजून जीएल-५ सगळीकडे ओतणारे मी पाहिलेत. जीएल-५ मध्ये दातांवरचा जबरदस्त दाब सोसण्यासाठी गंधकयुक्त रसायनं जास्त असतात, आणि ती गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रोनायझर रिंगना त्रासदायक ठरू शकतात. ट्रान्स्फर केसचं तर आणखी वेगळं. काहींना गिअर ऑइल लागतं, काहींना चक्क ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं लाल, पातळ ऑइल. काही गाड्यांत मागे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल असतं, त्याच्या आत क्लचच्या प्लेटा असतात. त्याला खास ॲडिटिव्ह किंवा त्यासाठी बनवलेलंच ऑइल लागतं, नाहीतर वळताना गाडी थरथरते आणि कटकट आवाज करते. म्हणून नियम एकच: गाडीचं पुस्तक उघडायचं. पुस्तक नसेल तर चॅसिस नंबर घेऊन कंपनीच्या पार्टच्या दुकानात विचारायचं. "सगळ्याला हेच चालतं" म्हणणाऱ्या ऑइलच्या सेल्समनला चहा पाजा आणि पाठवा.

आणि हो, बोल्ट ओळखा. ट्रान्स्फर केस आणि गिअरबॉक्स बऱ्याच गाड्यांत एकमेकांना चिकटून असतात. एकाचा ड्रेन उघडला आणि ऑइल भरलं दुसऱ्यात, असं झालेलं मला माहीत आहे. पहिल्यांदा एखादं मॉडेल आलं की बोल्टांवर खडूनं खूण करून मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवायचा. सहा महिन्यांत तुमची स्वतःची वही तयार होते. कुठल्या गाडीला कुठली गोटी, किती लिटर, कुठलं ऑइल, कुठला बोल्ट दगा देतो. ही वही म्हणजे तुमचं भांडवल, असं मी बॅचमध्ये सांगतो तेव्हा पोरं हसतात. पण शेजारचा गॅरेजवाला तुमचा जॅक विकत आणू शकतो, ही वही त्याला आणता येत नाही.

आता येऊ अटीवर.

या कामात खोटं बोलणं फार सोपं आहे, कारण गिऱ्हाइकाला आत काही दिसत नाही. जुनं ऑइल काळं दिसतं, ते दाखवायचं आणि म्हणायचं, "बघा साहेब, पार खलास झालंय." गिऱ्हाईक घाबरतं, पैसे देतं. माझ्याच एका विद्यार्थ्यानं मला हे अभिमानानं सांगितलं होतं. मी त्याला विचारलं, काळं म्हणजे खराब हे तुला कोणी सांगितलं? गिअर ऑइल वापरात काळवंडतंच, नुसत्या रंगावरून ते संपलं असं ठरत नाही. खरी लक्षणं वेगळी आहेत आणि ती दाखवता येतात. ऑइल दुधाळ, चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय, त्यात वाद नाही, ते बदलायलाच हवं. ड्रेन बोल्टला बऱ्याचदा लोहचुंबक असतं, त्यावर करडी, मऊ, लोण्यासारखी पेस्ट असणं हे नेहमीच्या झिजेचं आहे, त्यानं घाबरायचं नाही आणि घाबरवायचंही नाही. पण बोटाला टोचतील असे कण, चकत्या किंवा दाताचा तुकडा निघाला तर मात्र ऑइल बदलून गाडी परत देणं म्हणजे फसवणूक. तेव्हा गिऱ्हाइकाला बसवून सांगायचं की आतलं काम निघालंय. जळका वास, सीलच्या खाली ओलसर डाग, हेही दाखवता येतं.

म्हणून मी मुलांना सांगतो, गिऱ्हाइकाला आधी तपासणी विका. फिलर बोल्ट उघडायचा, पातळी बघायची, थोडं ऑइल बाहेर काढून पांढऱ्या कागदावर किंवा स्वच्छ बाटलीत घ्यायचं, सील आणि ब्रीदर बघायचे, फोटो काढायचे. याचे तीनशे रुपये घ्या, आणि लगेच बदललं तर ते बिलातून वजा करा. पातळी बरोबर आहे, पाणी नाही, गाडी पुस्तकातल्या किलोमीटरच्या आत आहे, तर बोल्ट बंद करून सांगायचं, "साहेब, आत्ता गरज नाही, अमुक किलोमीटरला या." पुस्तकातलं अंतर गाडीनुसार खूप बदलतं, आणि चिखल, पाणी, ट्रॉली ओढणं असा कडक वापर असेल तर बहुतेक पुस्तकांत ते बरंच कमी दिलेलं असतं. हा कडक वापराचा तक्ता सहसा मागच्या पानांत असतो आणि कोणी वाचत नाही. तुम्ही वाचा.

इथे हात वर येतात. "सर, आलेलं गिऱ्हाईक परत पाठवलं तर धंदा कसा होणार?" प्रश्न रास्त आहे. मी त्याला नीतीचं उत्तर देत नाही, कारण घरभाडं नीतीनं भरता येत नाही. उत्तर असं आहे की हे काम एका गाडीला तीन-चार वर्षांतून एकदा निघतं. एका गाडीवर जगता येत नाही. तुमचा धंदा चालणार तो मालकानं दुसऱ्याला सांगितल्यावर, आणि फोर बाय फोरवाले एकमेकांना फार सांगतात. त्यांचे ग्रुप असतात, रविवारी एकत्र गाड्या घेऊन जातात. एकाला गरज नसताना ऑइल बदलून दिलंत आणि त्याला ते नंतर कोणी सांगितलं, की त्या ग्रुपमधल्या पंधरा-वीस गाड्या तुमच्या दारावरून पुढे जातात. उलट "त्यानं मला परत पाठवलं, म्हणाला गरज नाही" ही गोष्ट माणूस स्वतःहून चार ठिकाणी सांगतो. सगळेच असे वागतात असं नाही. काही जण तपासणीचे तीनशे देऊन जातात आणि परत दिसत नाहीत, किंवा घरी जाऊन स्वतः ऑइल बदलतात. ते धरूनच चालायचं.

आता हिशेब, कारण प्रामाणिक राहून तोट्यात गेलात तर दोन वर्षांनी गॅरेज बंद. आकडे मी समजायला सोपे घेतलेत, तुमचे तुम्ही टाका.

समजा तुमचं जागेचं भाडं, वीज, हप्ता, फोन मिळून महिन्याला ३६,००० रुपये. मिस्त्रीचे २४,००० आणि हेल्परचे १२,०००, म्हणजे आणखी ३६,०००. महिन्यात कामाचे दिवस २४, आणि दिवसात खरोखर बिल होतील असे तास ६. दिवसभर गॅरेज उघडं असतं म्हणून दहा तास धरू नका, चहा, गप्पा, पार्टसाठी फेऱ्या यात तास जातातच. म्हणजे महिन्याचे १४४ तास. ७२,००० भागिले १४४, तासाला ५०० रुपये. एवढे पैसे तुमचे जातातच, गाडी असो वा नसो.

तिन्ही डब्यांचं ऑइल बदलायला, गाडी फिरवून आणणं, साफसफाई, निथळू देणं, भरणं, नंतर परत फिरवून गळती बघणं आणि गिऱ्हाइकाला समजावणं धरून दोन तास घ्या. झाले १,०००. समजा ऑइल ५ लिटर लागलं आणि तुम्हाला लिटर ५०० नं पडलं, तर २,५००. वॉशर, क्लीनर, हातमोजे, चिंध्या यांचे २००. एकूण ३,७००. आता दहातल्या एका गाडीत कऱ्हाडसारखा बोल्ट भेटणार. त्या एका गाडीचे जादा ३,००० दहा गाड्यांवर वाटले तर गाडीमागे ३००. खरा खर्च ४,०००.

आपली पोरं काय करतात? ऑइल छापील किमतीला लावतात, समजा लिटर ६०० नं ३,००० रुपये, आणि मजुरी "द्या पाचशे". बिल ३,५००. पाचशे रुपये खिशातून गेले आणि मुलगा संध्याकाळी खूश असतो, की आज ऑइलवर पाचशे सुटले! तुम्ही ४,८०० घ्या. नोंदणी असेल तर जीएसटी त्यावर वेगळा. गिऱ्हाईक म्हणेल जास्त आहेत. तेव्हा त्याला बाटलीतलं ऑइल, बोल्टच्या चुंबकाचा फोटो, भरलेल्या ऑइलचे रिकामे डबे आणि लिहिलेलं कार्ड द्यायचं. न दिसणाऱ्या कामाचे पैसे मागायचे तर काम दिसेल असं करावं लागतं. तरीही जो पाचशे मजुरीवर अडून बसेल त्याला जाऊ द्या. खरंच जाऊ द्या.

गिऱ्हाईक कुठे मिळणार? कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या मुलांनी पावसाळ्यानंतरचे दोन महिने डोळ्यांसमोर ठेवावेत. गरम झालेला ॲक्सल एकदम थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि बाहेरचं ओढून घेते. त्यासाठी वर ब्रीदर नावाची छोटी नळी किंवा टोपी असते, तिथून हवा जावी म्हणून. ती चिखलानं बुजलेली असेल तर हवेऐवजी सीलमधून पाणी आत येतं. ओढा ओलांडलेल्या, पुराच्या पाण्यातून आणलेल्या प्रत्येक गाडीला हा प्रश्न विचारता येतो. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी शिरलं आणि गाड्या बुडाल्या. अशा वेळी सगळ्यांचं लक्ष इंजिन, वायरिंग आणि सीटांकडे जातं, आणि ते बरोबरच आहे, पण गाडी सुरू झाली की खालचे डबे कोणाच्या लक्षात राहत नाहीत. पाणी मिसळलेलं ऑइल तसंच राहिलं तर बेअरिंगला गंज धरतो. पुरानंतर तिथल्या माणसाला लुबाडायचं नाही, हे सांगायला नको. पण अशा गाड्यांची मोफत तपासणी ठेवलीत तर तो तुमचा जाहिरातीवरचा सगळ्यात चांगला खर्च असेल.

दुसरी जागा विदर्भात आहे, आणि तिथल्या मुलांना ती दिसत नाही याचं मला नवल वाटतं. ताडोबा. मोहर्ली गेटवर सकाळी उभे राहा, जिप्सींची रांग दिसेल. बऱ्याच गाड्या गावातल्याच माणसांच्या, मारुतीनं सामान्य गिऱ्हाइकाला नवी जिप्सी देणं केव्हाच थांबवलेलं, त्यामुळे आहे ती गाडी जपणं भाग आहे. जिप्सीत ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सपासून वेगळी, छोट्या शाफ्टनं जोडलेली असते, म्हणजे गिअरबॉक्स धरून चार वेगवेगळे डबे. धूळ, खडी, दिवसाला दोन फेऱ्या. आणि धंद्याच्या दृष्टीनं मुख्य गोष्ट म्हणजे पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, कोअरची सफारी बंद असते. गाडी उभी, मालक मोकळा. त्या तीन महिन्यांत दहा-वीस गाड्यांचं काम एकाच गावात जाऊन करता येईल. ऑइलचा बॅरल घाऊक भावानं घ्या, गाडीमागे दर कमी लावा, तरी सुटतं. फक्त पैसे ऑक्टोबरमध्ये देतो म्हणतील, कारण त्यांचा हंगाम तेव्हा सुरू होतो. निम्मे आधी घ्या. ऑइलचे पैसे तरी खिशातून घालू नका.

वॉरंटीतली गाडी आली तर? मी सांगतो, हात लावू नका. तपासणी करा, काही दिसलं तर फोटो द्या, आणि कंपनीच्या सर्व्हिसला पाठवा. उद्या डिफरन्शियल गेलं तर कंपनी तुमच्या बिलाकडे बोट दाखवेल आणि मालक तुमच्याकडे. चार-आठशे रुपयांसाठी ती जोखीम दोन माणसांच्या गॅरेजनं घेऊ नये. वॉरंटी संपली की तो येईल, कार्डावर तारीख लिहून ठेवा.

जुन्या ऑइलबद्दल बोललंच पाहिजे, कारण यावर मी स्वतः बरीच वर्षं डोळेझाक केली. गॅरेजच्या मागच्या नाल्यात ओतणारे, रस्त्यावरची धूळ बसावी म्हणून शिंपडणारे, लाकडाला वाळवी लागू नये म्हणून फासायला नेणारे, सगळे पाहिलेत. वापरलेलं ऑइल २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत येतं आणि ते अधिकृत रिसायकलरकडेच जायला हवं. व्यवहारात काय करायचं? झाकणाचा एक ड्रम, त्यात फक्त ऑइल, पाणी किंवा कूलंट मिसळायचं नाही, आणि अधिकृतपणे गोळा करणाऱ्याला देऊन पावती घ्यायची. तुमच्या भागात तो नसेल तर मोठ्या सर्व्हिस सेंटरला विचारा, त्यांच्याकडे येणाऱ्या गाडीत तुमचा ड्रमही जाऊ शकतो. तो त्याचे पैसेही देतो, थोडे का होईना.

सुरुवातीला काय घ्यायचं, हे विचारणारे आहेतच. चांगल्या गोट्यांचा सेट आणि लांब दांड्याचा पाना, ॲलनच्या गोट्या, टॉर्क रेंच, हातपंप, दोन ट्रे, जॅकसोबत चार भक्कम जॅक स्टँड. जॅकवरच उभ्या गाडीखाली कोणालाही झोपू देऊ नका, कितीही घाई असली तरी. पण लक्षात घ्या, गाडी एका बाजूनं उचलून ऑइल भरलं तर पातळी चुकते, त्यामुळे चारही बाजूंनी सारखी उचलायची किंवा पिट वापरायची. दोन खांबांची लिफ्ट नंतर. मुद्रा लोन मिळतंय म्हणून लिफ्ट घेणारा, आणि मग लिफ्टचा हप्ता भरण्यासाठी गरज नसलेलं ऑइल बदलणारा माणूस मी पाहिलाय. तो वाईट नव्हता, हप्त्यानं त्याला तसं केलं.

कऱ्हाडच्या त्या मुलानं आता पिटच्या भिंतीवर रंगानं लिहून ठेवलंय, 'वरचा आधी'. नवा हेल्पर आला की पहिल्या दिवशी त्याला ते वाचायला लावतो. मागच्या महिन्यात मी गेलो तेव्हा त्याच्या फळीवर जुन्या ऑइलच्या बाटल्या गाडी नंबर टाकून रांगेत होत्या. त्यातली एक दुधाळ होती. मालक आतमध्ये बसून तीच बाटली उजेडात धरून बघत होता, आणि मुलगा त्याला ब्रीदर कुठे असतो ते दाखवत होता.